जीपले आवतण

भीती नावाची चीज देवानं मला जन्माला घालताना दिलीच नाही, हे अख्ख्या अकोट तालुक्यात कोणालाही विचारा. फक्त माझ्या बायकोला विचारू नका. अंगणात घुबड बोललं की मी तिच्या गोधडीत शिरतो, हे ती आल्यागेल्या पाहुण्यालाही सांगते.

तर तो कंदील जरा इकडं सरकवा अन् ऐका. गोष्ट दोन हजार सहाच्या पोळ्याची. त्या सालात आमच्या वऱ्हाडात कापसापेक्षा पाहुणे जास्त पिकले होते. रोज कोणी ना कोणी पांढऱ्या गाडीतून पाहणी करायला यायचं, बांधावर उभं राहून फोटो काढायचं, आमचाच चहा पिऊन आम्हालाच धीर देऊन जायचं. बैलं मात्र गावातून कमी होत चालली होती. पोळ्याच्या तोरणाखाली जिथं जोड्यांना उभं राहायला जागा पुरायची नाही, तिथं आता पोरं क्रिकेट खेळतील एवढं मैदान उरायचं. ज्याच्याकडं जोडी नाही तो मातीचे बैल पाटावर मांडायचा.

माझा बालमित्र मोतीराम, त्याच्याही कोठ्यात बैल नव्हते. कोठा म्हणजे तुमच्या पुस्तकातला गोठा. त्या कोठ्यात जीप उभी होती.

साधी जीप नव्हे. मिलिटरीनं लिलावात काढलेली, समोरची काच बोनेटवर आडवी पाडता येणारी, चिखलात पुढच्या चाकांनाही जोर देणारी. मोतीरामनं ती मिशी फुटायच्या वयात आणली अन् मिशी पांढरी होईस्तोवर फिरवली. पेरणी झाली की निघाला, वेचणी झाली की निघाला. पचमढी, बस्तर, एकदा तर कच्छच्या रणात जाऊन मिठात रुतून आला. कधी मी संगं असायचो, कधी अब्दुल रहीम मिस्त्री. रहीम अकोल्याच्या जुन्या शहरातला; मोर्णा नदीच्या पलीकडं एका बोळीत त्याचं गॅरेज, अन् गॅरेजापेक्षा त्याचं तोंड मोठं. मोतीरामची बायको जाईबाई मात्र त्या जीपमध्ये कधी बसली नाही. तो निघाला की दार लावायचं, तो आला की दार उघडायचं, एवढंच तिच्या वाट्याला.

त्या पोळ्याच्या तीन वर्षं आधी मोतीराम गेला. रस्त्यावर नव्हे हो. घरी, बाजेवर, वरणभात खाऊन. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी जाईवहिनीनं माणूस लावून जीपची चारही चाकं काढवली, गाडी विटांवर चढवली, चाकं माळ्यावर टाकली अन् वरून ताडपत्री ओढली. रोज सकाळी कोठा झाडायची. रोज सांजच्याला तिथंच खाटेवर बसायची.

मी अन् रहीम दर दोन महिन्यांनी जायचो, भीक मागितल्यासारखी जीप मागायचो.

"भाभी, उभी गाडी म्हंजे उभा माणूस," रहीम म्हणायचा. "आतून गंजते. रबर वाळते, तेल गोठते, उंदरं वायरी खातेत. गाडीले रोड पायजे."

"अन् मले काय पायजे, ते कोनी इचारलं काय?" वहिनी म्हणायची. "तीस वर्सं मागं दार लावत राहिली. आता घरी आहे. राहू द्या."

मला वाटायचं, जीपबद्दल बोलून राहिली. आता तुम्हालाही तसंच वाटलं असेल, तर तुम्ही माझ्याएवढेच शहाणे.

पोळ्याच्या आदल्या सांजच्याला आमच्याकडं खांदशेकणी असते. बैलाच्या खांद्यावर वर्षभर जू बसतं, म्हणून त्या सांजेला हळद-लोणी लावून पळसाच्या पानानं खांदा शेकायचा, अन् त्याच्या कानाशी लागून म्हणायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायले या.' दुसऱ्या दिवशी बैलाला जुपायचं नाही. नदी-नाल्यावर न्यायचं, धुवायचं, सजवायचं, तोरणाखालून घरी आणायचं अन् पुरणाची पोळी चारायची. पाहुणाच तो.

मी त्या सांजेला वहिनीकडं गेलो तर तिनं सवयीनं वाटीत हळद-लोणी कालवून ठेवलेलं, अन् खांदा कोणाचाच नाही. वाटी हातात घेऊन बाई कोठ्याच्या दारात उभी. मला राहवलं नाही. वाटी घेतली, ताडपत्री वर केली, पुढच्या दोन्ही मडगार्डांवर हळद-लोणी चोळलं, पळसाचं पान फिरवलं अन् बोनेटवर वाकून गंभीर तोंडानं म्हणालो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या."

मला वाटलं, हसेल. पदर तोंडाला लावून का होईना, हसेल. ती हसली नाही. तिनं हळूच विचारलं, "हे काय केलं, भाऊजी?"

"काय म्हंजे? आवतण दिलं. आता उद्या नाल्यावर न्या लागते, धुवा लागते. कोठ्यातल्या कोठ्यात पोळा होते काय कुठं?"

कोठ्यात हळदीचा अन् जुन्या पेट्रोलचा वास कोंडला होता. त्यात एक तिसरा वास मिसळला, लवंगेचा. मोतीराम गाडी चालवताना तोंडात लवंग धरायचा. मी म्हटलं, वहिनीनं मसाला कुटला असेल.

"नाल्यावर न्या," ती शेवटी म्हणाली. "धुवा अन् आना. जेवाले घरी आना. आवतण देल्यावर त्याले उपाशी ठेवता येत नाही."

मी तिथूनच रहीमला फोन लावला. गडी सकाळी बॅटरी, पेट्रोलचा डबा अन् हवा भरायचा पंप घेऊन हजर. चाकं चढवली, जुनं पेट्रोल काढलं, नवं घातलं. रहीम कामं करत करत पुटपुटला, "खुशालभाऊ, पोळ्याले बैल जुपत नाही. तुमीच आवतण देलं, तुमीच जुपून राहिले."

"जुपून नाही राहिलो बयताडा. मिरवून राहिलो."

किल्ली फिरवली. तीन वर्षं निजलेली गाडी. ना खोकली, ना शिंकली. पहिल्याच फटक्यात अशी धडधडली, जशी कोणीतरी रातभर तिला गरम ठेवली होती. रहीमनं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. अन् खरं सांगतो, आम्ही दोघंही पोरांसारखे खिदळलो.

नाल्यावर नेली, धुतली, शिंगं नव्हती म्हणून आरशांना गोंडे बांधले. आता गावाकडं वळायचं. मी स्टिअरिंग वळवणार, तेवढ्यात मागच्या पत्र्यावर आवाज झाला. टक... टक.

दोन टकटकी म्हणजे 'जाऊ दे'. एक म्हणजे 'थांब'. एसटीच्या घंटीसारखी ही भाषा मोतीरामची. मागं बसला की अंगठी पत्र्यावर वाजवायचा. मला वाटलं, शेजारी बसलेल्या रहीमनंच हात मागं नेऊन वाजवलं; वा रे मिस्त्री, तुलाही जायचं आहे तर. अन् गिअर टाकला तो सरळ अकोट ओलांडून पोपटखेडच्या दिशेनं. वहिनीला नाला सांगितला होता, मी सातपुडा गाठायला निघालो. काय करता? समोर डोंगर निळे, दोन्हीकडं कापसाची कंबरभर पऱ्हाटी, वरून भुरभुर पाऊस, काच आडवी पाडलेली, तोंडावर वारा. काळ्या मातीच्या चिखलात पुढच्या चाकांचा दांडा ओढला की गाडी म्हशीसारखी लोळायची अन् हरणासारखी निघायची. साठीच्या पुढचा माणूस मी, घसा फाटेस्तोवर ओरडत होतो.

एका मोठ्या खड्ड्यातून गाडी गेली, तेव्हा रहीम म्हणाला, "भाऊ, मागं काय ठेवलं?"

"काहीच नाही. कावून?"

"रिकामी जीप खड्ड्यात मागून उडते. हे उडून नाही राहिली. स्प्रिंगचे पाटे दबले आहेत. वजन आहे मागं."

मी मान वळवली. मागं रिकामी बाकं, ओली. ताडपत्रीची घडीसुद्धा आम्ही घरीच ठेवली होती.

"चिखल लागला असंन," मी म्हणालो.

टक... टक.

"मिस्त्री, पुरे झालं आता."

"मी?" रहीम म्हणाला. "मले वाटे, तुमी करून राहिले. तुमची खोड कोनाले माहीत नाही?"

"हे पाह्य, माहे दोन्ही हात इथं आहेत."

रहीमनं त्याचे दोन्ही हात माझ्यासमोर धरले. पान्ह्याच्या तेलानं काळे झालेले. आता तुम्ही म्हणाल, तिथंच फिरायचं होतं. पण सांगू? मला भीती वाटली ती नंतर. त्या वेळी छातीत जे धडधडत होतं, ते भीतीपेक्षा आनंदाजवळचं होतं. तीन वर्षांनी मोतीरामसंगं सफरीला निघालो होतो मी. लवंगेचा वास आता वाऱ्यातही टिकून होता, अन् वारा तर समोरून येत होता.

पोपटखेडचं धरण मागं पडलं. जंगलाच्या नाक्यावर कोणी नव्हतं. पहारेकरीही पोळ्याला गेलेला, दांडा वरच. नरनाळा किल्ल्याचा घाट चढायला लागलो तसा ढग खाली उतरला. झाडं दिसेनात. ओल्या पानांचा कुजका-गोड वास, कुठंतरी पाण्याचा अखंड आवाज, अन् त्या पांढऱ्या अंधारात आमच्या इंजिनाची एकसारखी घरघर. भर दुपार होती, पण हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. वळण आलं की मी ठोका ऐकायचो. टक... टक. जाऊ दे. पुन्हा वळण. टक... टक. रस्ता मी पाहत नव्हतो, ऐकत होतो. अन् एकदाही चाक चुकलं नाही.

एका उंच वळणावर एकच ठोका पडला.

टक.

"थांबू नोका भाऊ..." रहीम हळूच म्हणाला. "अल्लाकसम, थांबू नोका..."

पण हात-पाय जुन्या सवयीचे. एक ठोका म्हणजे थांब. मी ब्रेक दाबला.

गाडी थांबली. अन् मग, आम्ही दोघं समोर पाहत बसलेलो असताना, मागचे पाटे करकरले. भारी माणूस उतरताना जीप जशी एका अंगाला कलते अन् मग सावकाश वर येते, तशी ती कलली, अन् वर आली. रस्त्याच्या कडेचं ओलं गवत दबत गेलं. एक पाऊल... मग दुसरं... दरीच्या बाजूला. सावकाश, लघवीला निघालेल्या माणसासारखं. मग ढगानं तेही झाकलं.

आम्ही वाट पाहिली. किती, ते विचारू नका. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर रहीमनं माझ्या तोंडावर त्याचा तेलकट हात दाबला. लवंगेचा वास विरला. पाणी तेवढं वाजत राहिलं.

परतीला गाडी हलकी झाली होती. प्रत्येक खड्ड्यात मागून अशी उडायची की रहीमची टोपी दोनदा पडली. ढगाखालून बाहेर आलो, ऊन पडलं, अन् आम्ही दोघंही हसायला लागलो. सुटलो बापा. वर मोतीरामलाही त्याच्या डोंगरात सोडून आलो. याहून मोठं पुण्य कोणतं? रहीम म्हणाला, गॅरेजात याची मोठी पाटी लावतो. मी म्हणालो, वहिनीला सांगू, आता गाडी मोकळी झाली. दिवाळीनंतर चिखलदऱ्याला तुम्हालाच नेतो.

गावात शिरलो तेव्हा दिवस कलला होता. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, म्हणणं चाललं होतं, एका जोडीच्या शिंगांना फुगे बांधलेले, ढोल वाजत होता. जीप पाहून पोरं मागं धावली. मी राजासारखा हात हलवला.

वहिनी दारात उभी होती. हातात ताट; पुरणपोळी, वर तुपाची धार, काठाला निरांजन. नवं लुगडं नेसलेली. तीन वर्षांत पहिल्यांदा कपाळावर बुक्का लावलेला पाहिला. तिनं आधी बोनेटला ओवाळलं. मग ताट तसंच धरून जीपच्या मागं गेली. मागच्या बाकावर हात ठेवला. पत्र्यावर हात फिरवला. वाकून वास घेतला, आई लेकराच्या टाळूचा घेते तसा.

निरांजन विझलं. वारा नव्हता.

"वहिनी, उशीर झाला जरा," मी म्हणालो. "नाल्यावर पानी कमी होतं, मंग म्हटलं थोडं पुढं जाऊन... पन पाहा, एक ओरखडा नाही. जशी नेली तशीच आनली तुमची जीप."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. रस्त्यावर लेकरू हरवून आलेल्या माणसाकडं पाहावं, तसं.

"जीपचं काय लोनचं घालू, भाऊजी?" ती म्हणाली. "माह्या मानसाले कुठं उतरवून आले?"