पालथं कार्ड

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला लोक जे सांगतात, त्यातलं निम्मं खोटं असतं आणि उरलेलं निम्मं व्हायरसवर ढकललेलं असतं. फुंक्याला हे पाठ होतं. गिऱ्हाईक बोलत असेपर्यंत तो मान डोलवायचा, मग खोक्याचे स्क्रू काढायचा, बाजूचा पत्रा सरकवायचा आणि आत एक जोरदार फुंक मारायचा. बरेचसे आजार तिथेच बरे व्हायचे. नाव त्यावरूनच पडलं. त्याला खरं नावही होतं, पण ते आता फक्त बँकेला माहीत होतं.

धुळीवरून घर ओळखायची त्याला सवय होती. शिंप्याच्या खोक्यात रंगीत लव निघायची, शाळेच्या खोक्यात खडूची भुकटी, आणि मांजर पाळणाऱ्यांच्या खोक्यात केसांचं आणखी एक मांजर. "साहेब, यात दुसरं सापडलं. तेही नेणार का?" असं तो गंभीर चेहऱ्याने विचारायचा. काही लोक खरंच विचारात पडायचे.

ताईचा फोन आला तेव्हा तो असंच एक केसांचं मांजर खोक्यातून काढून कागदावर ठेवत होता.

"अरे, ह्यांचा कॉम्प्युटर आपोआप बंद पडतोय. काल तीनदा पडला. दरवेळी ह्यांचा श्वास अडकतो."

"येतो."

"आत्ता ये. जेवून ये म्हणणार होते, पण नको. न जेवता ये."

ताई त्याची सख्खी, मोठी बहीण. आणि हे म्हणजे भाऊजी. भाऊजी जिन्यांचे आराखडे काढायचे. इमारत कुणाचीही असो, जिना भाऊजींचा. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी अर्धवट जिना पडद्यावर तसाच ठेवून ते खुर्चीतून उठले, पलंगावर पालथे पडले, आणि मग उठलेच नाहीत. डॉक्टरांनी सगळं तपासलं. पाय ठीक, पाठ ठीक, डोकं तर फारच ठीक. "इच्छा झाली की उठतील," असं म्हणून त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. इच्छेच्या गोळ्या त्यांच्याकडे नव्हत्या.

तेव्हापासून ताईची पाठ अंथरुणाला लागली नव्हती. पलंगाशेजारच्या खुर्चीत ती बसल्या बसल्या डुलकी काढायची. फुंक्याला भाऊजींपेक्षा तिची काळजी जास्त वाटायची, पण असं बोलून दाखवायची सोय नव्हती. बोललं की ती म्हणायची, "आधी लग्न कर, मग शिकव."

दुपारी खोलीत पडदे ओढलेले होते. फटीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती आणि तिच्यात धूळ इतकी संथ तरंगत होती, की तिला कुठे जायचं असेल असं वाटत नव्हतं. टेबलावर कॉम्प्युटरच्या पडद्यावर अर्धवट जिना गोल फिरत होता, पायऱ्या वर वर जात होत्या आणि वरती काहीच नव्हतं. टेबलाखाली खोक्याचा पंखा घरघरत होता. भाऊजी त्याच लयीत घोरत होते. दोन्ही आवाज वेगळे करायचे म्हटलं तर कान दुखले असते.

"तो बंद केला की हे गुदमरतात," ताई म्हणाली. "म्हणून कधी बंदच केला नाही."

"दोन वर्षं?"

"तुझा फ्रिज तू बंद करतोस का?"

फुंक्याने पत्रा सरकवला. खोकं उभं असलं की आतलं, पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड आडवं असतं, आणि तेही पालथं. पंखा, म्हणजे त्याचं तोंड, खाली. पाठ वर. ही अक्कल कुणाची ते माहीत नाही, पण बहुतेक खोक्यांत कार्डं अशी पोटावरच झोपतात. गरम हवा वर जाऊ बघते आणि पोटाखालीच कोंडते. वरून पाठीवर धूळ बसते, पांघरूण घातल्यासारखी.

इथेही धूळ होती. करडी, मऊ, बोटभर जाड. फुंक्याने टॉर्च जवळ नेला.

धुळीच्या मधोमध खळगा होता. एका टोकाला वाटोळा, मग रुंद, मग निमुळता होत गेलेला. वाटोळ्या भागाशी धूळ जरा उंच झाली होती, उशी असावी तशी. हाताएवढ्या लांबीचं कुणीतरी तिथे बराच काळ झोपलं होतं आणि नुकतंच कूस बदलायला उठलं होतं.

"ताई, उंदीर आहेत का घरात?"

"एक आहे. कॉम्प्युटरचं दुकान चालवतो."

फुंक्याने टॉर्च खिशात टाकला. त्याने यंत्र बंद केलं. पलंगावर भाऊजींचा श्वास लगेच आखूड झाला. ताईने त्यांचा हात धरला आणि ओरडली, "आटप!" कार्ड बाहेर काढायला वेळच नव्हता. त्याने ते जागच्या जागी ब्रशने साफ केलं, मग ब्लोअर लावला. करडा ढग उन्हाच्या पट्टीत शिरला आणि तिथेच रेंगाळला.

"ह्यांच्या पाठीवर बघ कसा काटा आला," ताई म्हणाली आणि भाऊजींवर चादर ओढली. फुंक्याने यंत्र सुरू केलं तसा त्यांचा श्वास पुन्हा लांबला.

निघताना फुंक्याने नेहमीची युक्ती केली. खोकं बाजूवर आडवं टाकलं.

"हे काय?"

"खोकं आडवं केलं की आतलं कार्ड उभं राहतं. उभ्यावर धूळ कमी बसते. गरम हवाही कोंडत नाही."

"आडवं केल्यावर उभं."

"हो."

"तुझं लहानपणापासून सगळं असंच," ताई म्हणाली, आणि त्याला उभ्या उभ्या जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताना फोन वाजला. ताई कुजबुजत होती, जणू मोठ्याने बोललं तर गोष्ट मोडेल.

"हे उभे आहेत. दोन वर्षांचं आखडलेलं अंग, रात्रभर इंचाइंचाने उठत होतं."

भाऊजी खरंच उभे होते. खिडकीशी, चुरगळलेल्या पायजम्यात. चेहऱ्यावर उशीच्या शिवणीची दोन वर्षांची खूण होती. ताई दारात पदराने डोळे टिपत होती आणि हसत होती, दोन्ही एकाच वेळी.

"काय भाऊजी! उठलात!"

भाऊजींनी विचार केला. "उठलो असं नाही," ते हळूच म्हणाले. "उभा आहे."

"एकच ना ते?"

"मलाही तसंच वाटत होतं."

डॉक्टरांनी याला प्रगती म्हटलं. शेजारच्यांनी येऊन भाऊजींना पाहिलं, चहा प्याले, आणि माणूस उभा आहे याशिवाय बघण्यासारखं काही नाही हे लक्षात आल्यावर निघून गेले. भाऊजी उभ्यानेच जेवले. उभ्यानेच दाढी केली. खुर्ची पुढे केली की ते तिच्याकडे प्रेमाने बघायचे, गुडघे वाकवायला जायचे, पण गुडघे वाकत नसत. अंग गार पडलं होतं. ताप नाही, घाम नाही, खिडकीतून वारा यावा तसा त्यांच्या अंगावरून गारवा यायचा.

झोपही उभ्यानेच. ती झोप नव्हतीच. डोळे मिटायचे, श्वास त्या खोक्याच्या पंख्यासारखा एकसुरी चालायचा, आणि शेजारी ताई खुर्चीत जागी. आधी माणूस उठेल म्हणून जागायची, आता पडेल म्हणून. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. चहात तिने साखरेऐवजी मीठ घातलं आणि दोघांनी तो पिऊनही टाकला.

"तू जरा पड ना," फुंक्या म्हणाला. "मी बसतो इथे."

"आणि हे तोल जाऊन पडले तर?"

"पडले तर आडवे होतील. तेच तर हवंय."

ताई हसली नाही. तिला विनोदावर हसू आलं नाही असं पहिल्यांदाच झालं.

भाऊजींचे घोटे सुजून चप्पल चढेनाशी झाली, तेव्हा एका दुपारी त्यांनी फुंक्याला जवळ बोलावलं. ताई स्वयंपाकघरात होती.

"मला आडवं कर रे."

"मी कसं करणार, भाऊजी?"

"उभं कसं केलंस?"

फुंक्या हसला. मग त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. तो टेबलाखाली वाकला. वायर तपासतोय असं स्वतःलाच दाखवत त्याने आडव्या खोक्याची एक कड हळूच वर उचलली.

मागे चादर हलल्यासारखा आवाज झाला. त्याने वळून पाहिलं.

भाऊजी कलले होते. टाचांपासून डोक्यापर्यंत सरळ, एखादी फळी कलावी तसे. कशाचाही आधार नव्हता. त्या कोनात कुठलाही माणूस पडला असता. भाऊजी पडले नव्हते. ते जमिनीकडे बघत होते, थोडे संकोचून, पाहुण्यांसमोर ढेकर आल्यासारखे.

फुंक्याने कड खाली ठेवली. भाऊजी सरळ झाले.

त्याने पुन्हा उचलली.

"खेळ नको," भाऊजी म्हणाले. "मळमळतं."

दारात भांडं पडलं. ताई उभी होती. किती वेळ ते कळलं नाही.

ती तिथेच जमिनीवर बसली. पडद्यावर जिना फिरत होता.

"दोन वर्षांनी हे उभे राहिलेत," ती शेवटी म्हणाली. "आणि तू परत पाडणार."

"त्यांचे पाय बघ ना, ताई. आणि तुझा चेहरा बघ."

"माझं मरू दे." तिने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी खुर्चीकडे बघत होते, लहान मुलाने खेळण्याच्या दुकानाकडे बघावं तसे. ताईने डोळे पुसले. "बरं. पण पालथे नकोत. दोन वर्षं मी ह्यांची टाळूच बघितली. ह्यांना पाठीवर झोपव. तोंड तरी दिसेल."

फुंक्याने विचार केला. खोकं उभं केलं की कार्ड पालथं. आडवं केलं की उभं. राहिली एकच तऱ्हा. अशी कुणी करत नाही, पण करता येते. खोकं डोक्यावर उभं करायचं, पायाकडची बाजू वर. मग कार्ड आडवं होतं आणि त्याचं तोंड वर येतं. गरम हवेला तर ते सगळ्यात सोयीचं.

"धूळ मात्र तोंडावर बसेल," तो म्हणाला. "अधूनमधून पुसावं लागेल."

"पुसेन," ताई म्हणाली.

त्याने खोकं दोन्ही हातांनी उचललं. वायरी ताणल्या गेल्या. त्याने मागे बघायचं नाही असं ठरवलं, आणि सावकाश, काठोकाठ भरलेलं पातेलं फिरवावं तसं, ते उलटं केलं.

मागे पलंग करकरला.

भाऊजी पाठीवर होते. हात छातीवर, डोळे छताकडे.

"वर पंखा आहे होय," ते आश्चर्याने म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले, एक लांब श्वास सोडला, आणि ते झोपले. खरंखुरं झोपले. चेहरा सैल झाला, ओठ थोडे उघडले.

ताई त्यांच्या तोंडाकडे बघत बसली. दोन वर्षांचं राहिलेलं बघणं होतं ते, एका दुपारी संपण्यासारखं नव्हतं.

"जा तू आता," ती म्हणाली. "मी पण जरा पाठ टेकते."

फुंक्या इतका खूश झाला की घरी जाताना त्याने अनोळखी कुत्र्यालाही नमस्कार केला.

पुढचे काही दिवस ताईचा फोन आला नाही. झोपली असेल, झोपू दे, असं म्हणत त्यानेही केला नाही. मग वाटलं, तोंडावर धूळ बसत असेल, पंखा अडकायच्या आत एकदा साफ करून यावं. बेल वाजवली तर कुणी दार उघडलं नाही. त्याच्याकडे जादा किल्ली होती.

खोलीत तीच दुपार होती. तीच उन्हाची पट्टी.

भाऊजी पाठीवर झोपले होते. त्यांच्या शेजारी, पलंगाच्या दुसऱ्या कडेला, ताई झोपली होती. पाठ अंथरुणाला लावून, हात छातीवर ठेवून. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. इतकी शांत त्याने तिला तिच्या लग्नातही पाहिली नव्हती. दोघांचा श्वास एका लयीत चालला होता, आणि टेबलाखालचा पंखाही.

"ताई?"

ती हलली नाही. त्याने आवाज चढवला. तरीही नाही. तिचा हात गार होता, पण श्वास चालू होता.

तो टेबलाखाली वाकला. पत्रा सरकवला.

कार्डावर धूळ नव्हती. कुणीतरी रोज पुसल्यासारखं ते लख्ख होतं.

कार्डाच्या शेजारी मदरबोर्डवर दुसऱ्या कार्डासाठी एक जागा असते. ती रिकामी होती. तिथे कधीच काही बसवलेलं नव्हतं, हे फुंक्याला माहीत होतं. त्याने टॉर्च लावला.

त्या रिकाम्या जागेसमोर, खाली काहीही नसताना, हवेत धुळीचा एक थर आडवा पसरला होता. पातळ. नवा. कार्डाच्याच लांबीचा.

मधोमध खळगा. जरा लहान चणीचा.

फुंक्याने श्वास रोखून धरला. खिशातून मऊ ब्रश काढला आणि खळग्याच्या निमुळत्या टोकाला, अगदी हलकेच, एक केस लागेल न लागेल इतका, टेकवला.

मागे पलंगावर ताई झोपेतच किंचित हसली, आणि तिने पाय ओढून घेतला.