तक्रारीआधीचं उत्तर

कागद हरवला तर धम्मशीलाबाईंना विचारा, माणूस हरवला तर पोलिसांना, अशी संस्थेच्या ऑफिसात चेष्टा चाले. मलकापुरातली ही शिक्षण संस्था, तिच्या एकोणीस शाळा, आणि त्या सगळ्यांची दाखल-खारीज रजिस्टरं, शिक्षकांची सेवापुस्तकं, सगळं आठ वर्षांपासून एका सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन करून ठेवलेलं. ते सांभाळायचं काम धम्मशीला तायडेचं. बाई मोठी काटेकोर. अंदाजपंचे बोलणाऱ्याला ती उभं करत नसे.

मार्चात अध्यक्ष भगवानरावांनी तिला बोलावलं. सॉफ्टवेअरची एक नवी कंपनी मागे लागली होती. जुनं ठेवायचं की नवं घ्यायचं, ते एका कागदावर मांडून द्या, म्हणाले. बिघाड झाला तर कोण पाहतं, किती वेळात पाहतं, फोन उचलतं का. बाकीची भाषणं नकोत.

नव्या कंपनीचा गोकुळ पहिल्याच रिंगला फोन उचलायचा. जुन्यांचं पाहायला तिने सपोर्टची नोंदवही स्क्रीनवर उघडली. एका बाजूला तक्रारीची तारीख, दुसऱ्या बाजूला दुरुस्तीची. मधलं अंतर काढायचं, झालं काम.

गेल्या वर्षाचं अंतर उणे आलं. उणे सहा दिवस.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पहिली सहा वर्षं ठीक होती. मग कुठे एखादी उणे, पुढे महिन्याला दोन-चार, आणि गेल्या वर्षी तर झाडून सगळ्या तक्रारींना आधीच उत्तर दिलेलं. वरातीमागून येणारं घोडं सगळ्यांना ठाऊक असतं. इथे घोडं आठवडाभर आधी दारात उभं. कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं असेल म्हणून तिने तेही तपासलं. घड्याळ मिनिटाला बरोबर होतं.

जानेवारीतली एक तक्रार तिला नीट आठवत होती. संग्रामपूरच्या शाळेची हजेरीची पानं सोमवारी उलटी स्कॅन झाली, तिने मंगळवारी तक्रार केली. खाली उत्तर होतं, ‘पानं सरळ केली.’ तारीख आदल्या बुधवारची. तेव्हा ती पानं स्कॅनच झालेली नव्हती.

तिने जुन्या कंपनीला फोन लावला. तिथला माणूस भला होता. त्याने शोधून सांगितलं की तुमच्याकडून वर्षभरात एकही तक्रार आमच्यापर्यंत आलेली नाही, मॅडम. आम्हाला वाटलं, सगळं सुरळीत आहे.

मग हे दुरुस्त कोण करतंय? बाई हट्टाची. खोटीच एक तक्रार टाकून बघू, असं मनाशी ठरवून तिने वही पुन्हा उघडली. तिच्या नावापुढे एक ओळ आधीच होती. ‘चाचणी. दुरुस्तीची गरज नाही.’ तारीख गेल्या गुरुवारची.

तिच्या खाली आणखी एक ओळ होती.

‘तायडे रवी किसनराव, सहशिक्षक, मोताळा. सेवापुस्तक बंद केले. वारस म्हणून बहिणीचे नाव लावले.’

तक्रार करणाऱ्याच्या रकान्यात धम्मशीलाचं नाव होतं. तक्रारीची जागा आणि तारीख कोरी होती.

रवी तिचा धाकटा भाऊ. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला शिकवलं, नोकरीला लावलं. रोज मोटरसायकलने मोताळ्याला जाऊन येई. तिने त्याला फोन लावला.

“काय झालं वं ताई? पोराइले गणित शिकवून राह्यलो ना.”

“गाडी आज शाळेतच ठेव. एसटीनं ये. आन चाबी मले आणून दे.”

“काऊन पण?”

“मी म्हणते म्हणून.”

तो कुरकुरला, पण एसटीने आला. तिने चाबी पर्समध्ये टाकली.

रात्रभर तिने विचार केला. उत्तर तयार आहे, पण तक्रार कुठे आहे? ती मी करायची आहे. मी केलीच नाही तर? आणि ती वहीच राहिली नाही तर? सकाळी तिने कागदावर नव्या कंपनीचं नाव लिहिलं, जुनं ताबडतोब बंद करावं अशी शिफारस केली. भगवानरावांनी दुपारी सही केली. गोकुळने संध्याकाळपासून माहिती नव्या जागी हलवायला घेतली. रविवारी जुनी वही उघडेनाशी झाली, तेव्हा बाईचा जीव भांड्यात पडला. जेवायला आलेल्या रवीला तिने आग्रहाने वाढलं आणि चाबी परत दिली. उद्या शाळेतून येताना गाडी घेऊन ये, म्हणाली.

सोमवारी दुपारी बाराच्या सुमारास गोकुळचा फोन आला. आवाजात नव्या नवरदेवाचा उत्साह. सगळं आलं ताई, एक पान मागे राहिलं नाही. सपोर्टच्या जुन्या नोंदीही आणल्या.

“त्या कशाले आणल्या?” धम्मशीलाने विचारलं.

“आमचं कामच पक्कं असते, ताई. फक्त एक नोंद अर्धी होती. उत्तर होतं, तक्रारच नव्हती. आपली सिस्टीम अर्धी नोंद ठेवत नाही. मंग तुमच्या नावानं तक्रार भरून टाकली.”

धम्मशीलाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“कधी?”

“हे आत्ताच. आजचीच तारीख टाकली.”

मोताळ्याला सकाळची शाळा होती. आता सुटली असेल. रवी वाटेत असेल.

तिने त्याचा नंबर लावला. रिंग वाजलीच नाही, फोन लगेच उचलला गेला. मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते आणि बरीच माणसं एकदम बोलत होती.

“रवी?”

“तुम्ही बहीण न याची?” अनोळखी माणूस हळू आवाजात म्हणाला. “तुमच्याच फोनची वाट पाहून राह्यलो होतो.”