पाळण्यातलं नाव

मे महिन्यात बायको-पोराला समुद्र दाखवायला न्यायचं म्हणतोस, संभाजी? ने की. नको कोण म्हणतंय? वर्षाच्या लेकराला समुद्र काय कळायचा, पण फोटो तर निघतील. लाईट बाराला येणार, तोवर मोटार काही चालू होत नाही. बसल्या बसल्या एक ऐकून घे. सोपान, तंबाखूची पिशवी इकडं टाक, आणि पाटाच्या कडंला नको, असा आत सरकून बस.

आधीच सांगतो. मी थापाड्या आहे हे साऱ्या शिवाराला ठाऊक आहे. मला कोल्हा दिसला तर मी वाघ सांगतो. पण ही गोष्ट माझी नाही, जीपवाल्या दादासोची आहे, आणि दादासोला खोटं बोलताच येत नाही. एकदा पोलिसानं विचारलं, किती शिटं भरलीत? तर ह्या शहाण्यानं टपावरचीसुद्धा मोजून सांगितली.

शहाण्णव साल. ऊस संपून कारखान्याचा पट्टा पडला होता, गाळप बंद. भवानीनगरला शेतकी खात्यात राम म्हणून कारकून आहे, त्याला आठ दिवसांची रजा मिळाली. धनगराघरचा पोरगा. बाप मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरायचा, पण रामनं जन्मात मेंढरू हाकललं नाही. त्याची बायको नंदा, आई सारजाबाई, आणि दीड वर्षाची एकुलती एक लेक. लेकीला सगळे छकुली म्हणायचे.

तेरा मे, सोमवार. पहाटे चारला दादासोनं जीप रामच्या दारात लावली. वर्दी साधी होती. समुद्रावर न्यायचं, दोन दिवस राहायचं, परत आणायचं. सारजाबाई काही जाणार नव्हती. जीपच्या दाराला धरून ती सुनेला म्हणाली,

"नंदे, त्या पाण्याकडनं निघताना लेकरू नुसतं उचलून आणू नगं. आमी मेंढरांचा वाडा हलवताना काय करायचो? मेंढरं मोजायचो आन् पोरांना एकेकाचं नाव घिऊन हाक मारायचो. न्हायतर लेकरू येतंय काखंत, आन् जीव ऱ्हातोय तितंच. पाळण्यातलं नाव घ्यायचं बरं. ध्यानात ऱ्हाईल?"

"व्हय मामी."

"आई, मेंढरं न्हाईत संगं," राम हसत म्हणाला. "एकच लेकरू हाय. मोजायला सोपं."

गुहागरच्या अलीकडचं एक गाव. नाव मुद्दाम घेत नाही, तिथली माणसं चांगली आहेत. सुरूची झाडं, झाडांपलीकडं वाळू, आणि मग पाणीच पाणी. पोरगी पहिल्या दिवशी लाटेला भिऊन बापाच्या मानेला चिकटली. दुसऱ्या दिवशी पाण्यातनं बाहेर निघेना. रामनं वाळूत खळगा केला, त्यात ती बसायची आणि लाट आली की टाळ्या वाजवायची. दादासो म्हणतो, नवरा-बायको एवढी हसताना मी पुन्हा कधी बघितली नाहीत.

बुधवारी पंधरा तारखेला निघायचं ठरलं. घाटात इंजिन तापतं म्हणून दिवस बुडाल्यावर. दादासो बॉनेट उघडून पाणी घालत होता. राम सामान लावत होता. नंदा पोरीला खांद्यावर टाकून सुरूतनं आली आणि जीपपाशी थांबली. तिला सासूचं बोलणं आठवलं. माघारी फिरली, समुद्राकडं तोंड केलं, आणि तोंडात जे रोज होतं तेच आलं.

"छकुलेऽऽ! चल गं, घरी चल!"

आणि ओ आली. बारीक आवाजात.

"येतंय…"

राम खदखदा हसला. "आगं, दोन दिसात कोकणी बोलाया लागली की ही!"

नंदाही हसली. दादासो हसला नाही. त्या पोरीला दोनच शब्द यायचे, 'आय' आणि 'बू'. आणि ती आईच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपली होती. पण वर्दी लांबची, रात्र पुढं. कानाचा भास असंल म्हणून त्यानं बॉनेट खाली आपटलं.

गुरुवारी सकाळी घरी पोचले. पोरगी रडत उठली नाही. उठलीच नाही म्हणा. डोळे उघडे, पण ठेवली तशी पडून. अंगावर घेतली तर प्यायची नाही. चिमटा काढला तर हात मागं घ्यायची नाही. ताप नाही, हगवण नाही. बारामतीच्या दवाखान्यात नेली, सलाईन लावलं, रक्त तपासलं. सगळं बरोबर. आणि शुक्रवारी दुपारी डॉक्टरच घाबरा झाला. चिठ्ठी लिहून देत म्हणाला, "हितं वेळ घालवू नका. पुण्याला हलवा."

तेवढ्यात सारजाबाई दवाखान्यात आली. नातीच्या डोळ्यांत वाकून बघितलं आणि सुनेला बाजूला घेतलं.

"हाक मारलीस का न्हाय?"

"मारली की."

"काय म्हणून?"

नंदानं वळून खाटेवरच्या पोरीकडं बघितलं.

"आगं, काय म्हणून मारलीस?"

"…छकुली."

म्हातारी भिंतीला धरून खाली बसली. "आगं, छकुली कुणाच्या घरात नसती? त्या पाण्यात आजवर कुणाकुणाच्या छकुल्या ऱ्हायल्या असतील! तू हाक मारलीस, ज्या पोरीनं आयकली ती आली. आन् आपली बसलीया तितंच, वाळूत."

संभाजी, तुझ्या पोराला घरी काय म्हणता रे?

पिंट्या?

बरं. असू दे.

तर सारजाबाई उठली. म्हणाली, "लेकीला घिऊन जावा माघारी. मी घरी जाते. जी आलीया तिच्यासाठी दाराशी कुणीतरी पायजे."

सतरा मे, शुक्रवार, वैशाखातली अमावास्या. संध्याकाळी पाच वाजता दादासोनं जीप चौकात उभी केली. एक रस्ता पुण्याला, एक फलटणकडं. राम पुढच्या शिटावर डॉक्टरची चिठ्ठी धरून होता.

"पुण्याला घे."

"फलटणला," मागनं नंदा म्हणाली.

"येड लागलंय का तुला? आईचं आयकून पोरगी घालवतीस?"

नंदा खाली उतरली. पोरीला छातीशी धरून फलटणच्या रस्त्यानं चालायला लागली. पायात चप्पल नाही, मे महिन्यातलं डांबर. राम पळत मागं गेला, तिच्या आडवा झाला. ती थांबली नाही, बाजूनं गेली. एवढंच बोलली, "पुण्यात सुई टोचतील हो. पण टोचून घ्यायला आत कोण हाय?"

रामनं पोरीकडं बघितलं. तिचा हात हातात घेतला आणि सोडला. तो तसाच खाली पडला… फडक्यासारखा.

"दादासो," तो म्हणाला, "आण गाडी."

फलटण, सातारा, उंब्रज. नंदानं पोरीच्या नाकापाशी दोन बोटं धरली होती. श्वास लागला की म्हणायची, "हाय." थोड्या वेळानं पुन्हा, "हाय." दादासो त्या एका शब्दावर गाडी हाणत होता. पाटण मागं पडलं तसं दोन 'हाय'मधलं अंतर वाढायला लागलं. कुंभार्ली घाटात एकदा इतका वेळ गेला की रामनं मागं वळून बघायचंच टाळलं. नुसतं पुढं बघून विचारलं,

"नंदा?"

…

"नंदा?"

"…हाय."

तीन वाजून वीस मिनिटांनी जीप सुरूपाशी थांबली. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं. काळोख असा की हात पुढं केला तर कुणाचा ते कळू नये. दादासोनं बॅटरी घेतली. तिघं ओल्या वाळूतनं चालत गेले. पाय घोट्यापर्यंत रुतत होते. नंदा थांबली.

"वैष्णवी!" तिनं हाक मारली. "वैष्णवी, चल घरी!"

काही नाही.

"वैष्णवीऽऽ!"

नुसती लाट. लांब.

तिसऱ्यांदा मारली. आवाज फाटला. बोटं पोरीच्या नाकापाशी नेली, आणि ती काही बोललीच नाही. 'हाय' म्हणाली नाही.

राम खाली बसला. "आगं, तिला कसं कळायचं? दीड वर्सात एकदा तरी ह्या नावानं हाक मारली का आपण? ते नाव तिचं हाय ह्ये तिला ठावंच न्हाय!"

खरं होतं. वैष्णवी फक्त बारशाच्या वहीत होती. घरात, दारात, पाळण्यात, पाण्यात… सगळीकडं छकुली.

आणि मग रामचं डोकं फिरलं. बाप होता. उठला, आणि कुणी आवरायच्या आत सगळा जीव गोळा करून ओरडला,

"छकुलेऽऽऽ!"

नंदानं त्याच्या तोंडावर हात मारला. उशीर झाला होता.

लाट थांबल्यासारखी झाली.

मग डाव्या अंगाला, "येतंय…"

उजवीकडं, सुरूच्या बाजूनं. "येतंय…"

मग पाण्यातनं. एक. दोन. मग मोजता येईना. संध्याकाळी मेंढ्या वाड्यावर परतल्या की कोंडलेली कोकरं कशी एकदम ओरडायला लागतात? तसं. बारीक, उतावीळ. येतंय… येतंय… आणि जवळ येत चाललेलं.

दादासोनं बॅटरी फिरवली. नुसती वाळू. त्यानं बॅटरी बंद केली. मी विचारलं, का रे बाबा? तर म्हणाला, "दिसलं असतं तर?"

नंदा मात्र हलली नाही. पोरीभोवतीची वाकळ सोडली, वाळूत पसरली, पोरीला मधे ठेवलं.

"टोकं धरा."

"काय?"

"दोगं दोन टोकं धरा. उचला. हलवा."

राम एका बाजूला, दादासो दुसऱ्या. अमावास्येच्या अंधारात वाकळीचा पाळणा हलायला लागला. त्या नावानं पोरीला जन्मात एकदाच हाक मारली होती, बारशाला, आत्यानं, कानाशी तोंड नेऊन. तेवढंच तिनं ऐकलं होतं. नंदा वाकली.

"कुर्रर्रर्र… वैष्णवी."

आवाज अगदी जवळ आले होते. हातभर.

"कुर्रर्रर्र… वैष्णवी."

आणि ते गप झाले. एकदम. दादासो म्हणतो, पळाले नाहीत, गेले नाहीत. भोवतीनं उभे राहिले. बारशाला शेजारणींची पोरं पाळण्याभोवती गोळा होतात, नाव काय ठेवलं ते ऐकायला… तसे. त्याच्या पोटरीला मागनं गार ओलं काहीतरी लागलं. त्यानं टोक सोडलं नाही.

"कुर्रर्रर्र…" नंदानं तोंड अगदी तिच्या कानाला लावलं. "वैष्णवी गं… माझे बाय… वैष्णवी…"

वाकळीत उचकी लागली.

एक. मग दुसरी. मग जे भोकाड पसरलं त्या पोरीनं!

"वैष्णवी, चल घरी!" नंदा ओरडली, आणि तिला उचलून पळत सुटली. मागं कुणी बघितलं नाही.

जीपमधे पोरगी घटाघटा प्याली आणि झोपली. नंदा रडत होती, राम रडत होता. दादासो एकटा गप होता, कारण घाटात जीप चढेना. तीन माणसं आणि एक तान्हं, पण दुसऱ्या गिअरला इंजिन घरघरायला लागलं. पहिला टाकावा लागला. पंधरा शिटं भरल्यावर जशी ओढते तशी ओढत होती. त्यानं आरसा वर फिरवून ठेवला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी दोनला घर आलं. सारजाबाई भाकरी आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होती. नातीवरनं तुकडा ओवाळला, लांब टाकला. पायांवर पाणी घातलं. राम, नंदा, लेकरू आत गेले. म्हातारी दारातनं हलली नाही. जीपच्या मागच्या फाळक्याकडं बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. मेंढरं मोजताना हलतात तसे.

"आई, चल की आत."

"नंदे," म्हातारी हळूच म्हणाली, "आनखी भाकरी आण."

"किती?"

म्हातारी परत मोजायला लागली. मग म्हणाली, "हायती तेवढ्या समद्याच आण."

ऊन डोक्यावर होतं. रस्त्यात कोणी नव्हतं. म्हातारी एकेक तुकडा मोडायची, गुडघ्याएवढ्या उंचीवर ओवाळायची, टाकायची. पुन्हा मोडायची. शेवटी चुलीपुढची टोपली रिकामी झाली तेव्हा ती दारातनं बाजूला सरकली… पदर आवरून, कुणाला तरी आत जायला वाट करून द्यावी तशी.

वैष्णवी आता साडेतीन वर्षांची आहे, अंगणवाडीत जाते. चांगली दांडगी आहे. घरात तिला दुसऱ्या कुठल्याही नावानं कुणी हाक मारत नाही. सारजाबाई मात्र चुलीपुढं बसली की एकटीच बोलत असते, आणि कुणाशी असं विचारलं तर हसते.

बाकी काही नाही. घर छान नांदतंय. फक्त त्यांच्या दारची पायरी… राम गाई-म्हशी गोठ्यातनं पाण्याला सोडतो ना, तर जनावर हौदाकडं जात नाही. तान्हेलं असलं तरी जात नाही. आधी दाराशी येतं, गुडघे टेकतं आणि पायरी चाटत बसतं. रामनं ती दोनदा धुवून काढली, मग उपटून नवी शहाबादी फरशी बसवली. गेल्या महिन्यात मी गेलो होतो. नवी फरशीसुद्धा चाटून चाटून मधे खोलगट झालीय. मी वाकलो, ओलं बोट तिच्यावरनं फिरवलं आणि जिभेला लावलं.

खारट.