‘सुटी बटणं’ पुन्हा सुरू

टेबलाखालून फक्त दोन पाय बाहेर आले होते, आणि एक आवाज.

“कोण आहे तिथं? जरा ती वायर धरता का? ती नको... निळी, निळी!”

ठकूनं इकडंतिकडं पाहिलं. दुसरं कुणीच नव्हतं. तिनं मुकाट्यानं निळी वायर धरली.

“धरली.”

“सोडू नका हं... अगदी श्वास रोखून धरा.”

“वायर धरायला श्वास कशाला रोखायचा?”

 टेबलाखालून हसण्याचा आवाज. “तेही खरंच. घ्या, घ्या श्वास.”

वरचा पडदा उजळला आणि पायांचा मालक बाहेर आला. केसांत जळमटं, नाकावर वाकडा झालेला चष्मा, आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू ठकूनं वायर नव्हे, त्याचा जीवच धरून ठेवला होता.

“आता एवढं केलंत, तर खेळूनच जा,” तो म्हणाला.

ठकू खरं तर इथं येणारच नव्हती. शेजारच्या हॉलमध्ये पडद्याच्या कापडाचा सेल होता आणि ताई कापडात शिरली की लवकर बाहेर येत नसे. कंटाळून ठकू व्हरांड्यात आली, तर समोरच्या दारावर पाटी – ‘एकट्यादुकट्यांनी बनवलेल्या गेम्सचं प्रदर्शन’. गेम्सच्या वाटेला पुन्हा जायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं... आणि तरी पाय आत वळले.

ठकू हे तिचं घरातलं नाव. ऑफिसात ते कुणाला कळू नये म्हणून ती जिवाचा आटापिटा करायची. तिथं ती मिक्सर आणि वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिका लिहायची. ‘झाकण नीट बसल्याची खात्री करा’ हे वाक्य तिनं इतक्या वेळा लिहिलं होतं, की स्वप्नातही झाकणं नीट बसत.

पण त्याआधी तिचं एक संकेतस्थळ होतं, ‘सुटी बटणं’. आपल्या खोलीत बसून, नोकरी सांभाळून कुणीतरी बनवलेले छोटे छोटे गेम ती शोधायची, खेळायची आणि त्यांच्याविषयी लिहायची. पैसे शून्य, वाचक मूठभर, पण आनंद पोतंभर. ते वाचून एका मोठ्या मासिकानं तिला नोकरी दिली, आणि तिथंच सगळं बिनसलं. जाहिराती देणाऱ्या कंपन्यांच्या गेमना किती गुण द्यायचे, हे तिथं तो खेळण्याआधीच ठरलेलं असे. दोन बहिणींनी जीव ओतून बनवलेल्या एका गेमला तिनं मनापासून वाखाणलं, तर संपादकांनी तिच्या नावाखाली तिनं दिलेले गुण निम्म्यावर आणून छापले. ठकूनं नोकरी सोडली. सोबत लिहिणं सोडलं, खेळणंही सोडलं. जळलं मेलं ते सगळं!

आणि आता हातात पुन्हा तीच ओळखीची बटणं.

गेम एका जुन्या इमारतीच्या लिफ्टचा होता. खेळणाऱ्यानं फक्त लिफ्ट चालवायची. कुणाला आधी घ्यायचं, कुणाला थांबवायचं, एवढंच हातात. माणसं आत येत, अर्धंमुर्धं बोलत आणि उतरून जात. तिसऱ्या मजल्यावरची बाई काहीच बोलत नसे. ठकू तिच्यासाठी उगीचच हळू लिफ्ट चालवू लागली. आपण केव्हा खुर्ची ओढून बसलो, हेही तिला कळलं नाही.

“कसा वाटला?” शेवट झाल्यावर त्यानं विचारलं. आवाजात परीक्षेच्या निकालाची धाकधूक.

“खरं सांगू?”

“...थोडंसं खरं सांगा.”

“ती न बोलणारी बाई – फार सुंदर. पण संगीत जरा जास्त. आणि शेवटी तुम्हाला सगळ्यांना रडवायची घाई झालीय. घाईनं रडू येत नाही.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. ठकूला वाटलं, झालं, दुखावला बिचारा. पण त्याचे डोळे हळूहळू मोठे होत गेले.

“थांबा... तुम्ही ‘सुटी बटणं’ लिहायचात?”

ठकूचे कान तापले. “तुम्हाला कसं...?”

“असं गोड बोलून चिमटा काढणारं दुसरं कुणी नव्हतं! तुमचं वाचूनच मी गेम बनवायला लागलो. एक दिवस तुम्ही गायबच झालात. का थांबलात?”

ती काही बोलणार, तेवढ्यात कापडाच्या पिशव्या सावरत ताई दारात उभी. “ठकू! इथं काय करतेस गं? मी सगळीकडे शोधतेय!”

“ठकू...?” तो ओठांतल्या ओठांत हसला.

“ते विसरा,” ती म्हणाली.

“विसरतो. पण पुन्हा लिहा.”

ठकू दाराकडे वळली. पण निघण्याआधी पिशव्यांसकट ताईला तिष्ठत ठेवून तिनं बाकीची टेबलं पालथी घातली. एका टेबलामागे निवृत्त भूगोल शिक्षिका बसल्या होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांच्या गेममध्ये आपण नदी असतो आणि वळायचं कुठं, हे आपणच ठरवतो. बाईंशी बोलता बोलता ठकूच्या डोक्यात पहिलं वाक्य जुळलं. कितीतरी दिवसांनी! तिला एकदम मोकळं वाटलं, पायात रुतलेला काटा निघाल्यासारखं.

रविवारी सकाळी तिनं ‘सुटी बटणं’वरची धूळ झटकली. बाईंच्या नदीवर लिहिलं. मग दोन विद्यार्थ्यांच्या गेमवर, मग आणखी कुणाच्या. जुने वाचक एकेक करून परतले. ‘कुठं होता एवढे दिवस?’ एकानं विचारलं, आणि ठकूला रडूच आलं. घाई नसलेलं.

लिफ्टच्या गेमचा तो कर्ता ठकूच्या ऑफिसखालच्या कॅन्टीनमध्ये भेटायला येऊ लागला. दर वेळी लॅपटॉपवर गेमचा नवा शेवट. ताईनं त्याचं नाव ‘लिफ्टवाला’ ठेवून टाकलं होतं.

“आता?” तो विचारी.

“अजून घाई आहे.”

“तुम्हाला भेटायला यायची घाई असते, ती गेममध्ये उतरत असेल...”

ठकू चहाच्या कपात बघत राही. कप कधीच रिकामा झालेला असे.

पण त्याच्या गेमवर मात्र ती एक ओळही लिहीना. रविवारमागून रविवार गेले, सगळ्यांची पाळी आली, त्याची आली नाही. त्यानं एकदा हसत विचारलं, तिनं विषय बदलला. मग तो यायचाच थांबला. गेम विक्रीला यायला आठवडाच उरला होता, आणि ज्यावर कुणीच लिहीत नाही असा गेम कुणाला कळतही नाही, हे ठकूपेक्षा जास्त कुणाला ठाऊक? जेवणाच्या सुट्टीत ती कॅन्टीनच्या दाराकडे बघत बसे. 

शेवटी ताईच वैतागली. “तोंड काय शिवून ठेवलंयस? जा आणि बोल त्याच्याशी!”

चष्म्याच्या दुकानावरच्या एका खोलीत तो काम करायचा. ठकू जिना चढून वर गेली तेव्हा दुपारचं ऊन टेबलावर पसरलं होतं आणि तो पडद्यासमोर नुसताच बसला होता.

“एवढा टाकाऊ झालाय का?” त्यानं वळून न बघताच विचारलं. “तोंडावर सांगायचं होतं. तुम्ही सांगता ना नेहमी.”

“टाकाऊ नाहीये.”

“मग?”

“मला त्यावर लिहिता येत नाही...” ठकू म्हणाली. “मासिकात असताना मी पाहिलंय, आधीच मन ठरलेलं असलं की लिहिणं कसं सडतं ते. तुझा गेम उघडला, की मला गेम दिसतच नाही. तू टेबलाखालून बाहेर येताना दिसतोस. अशा माणसानं परीक्षण लिहू नये.”

‘तू’ कधी तोंडातून निसटलं, दोघांनाही कळलं नाही. कळलं तेव्हा तो खुर्चीसकट गर्रकन वळला.

“म्हणजे... गेम वाईट नाही?”

“एवढं बोलले, त्यातलं तुला एवढंच ऐकू आलं?”

“नाही, नाही! सगळं ऐकलं.” त्यानं इतका मोठा श्वास सोडला, की टेबलावरचे कागद हलले. “अगं, मला वाटलं तुला गेमही आवडला नाही आणि मीही. झोप उडाली होती माझी!”

“आणि माझी काय जागेवर होती?”

मग दोघंही हसत सुटली. हसताना त्यानं तिचा हात धरला आणि हसू थांबलं तरी सोडला नाही.

“पण मग माझ्या गेमचं काय?”

“नदीवाल्या बाईंना दिलाय. परीक्षण त्या लिहितायत. मी एक शब्दही बदलणार नाही. त्यांनाही संगीत जास्तच वाटतंय, सांगून ठेवते.”

“अरे देवा.”

“पण तिसऱ्या मजल्यावर त्या दोन दिवस अडकून बसल्या होत्या म्हणे.”

त्याचा चेहरा उजळला. ठकूनं त्याचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला. “खाली एक खुलासा टाकावा लागेल. वाचकांपासून लपवायचं नाही. काय लिहू... ‘जवळची ओळख आहे’?”

“खोटं लिहायचं नाही, असं तूच म्हणतेस.”

“मग... ‘चांगले मित्र’?”

“तेही खोटंच.”

ठकूनं डोळे वटारून पाहिलं, मग मान खाली घालून टाइप केलं. तो तिच्या खांद्यावरून वाचत होता, आणि वाचून झाल्यावरही तिथंच थांबला.

रविवारी बाईंचं परीक्षण आलं. संगीतावरून त्यांनी कान उपटले होते, पण तिसऱ्या मजल्यासाठी तरी हा गेम खेळाच, असं बजावलं होतं. दुपारपर्यंत गेमच्या पानावर अनोळखी माणसांची रीघ लागली. आणि परीक्षणाच्या अगदी खाली, बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘खुलासा – या संकेतस्थळाची लेखिका गेमच्या कर्त्याच्या प्रेमात आहे. म्हणून हे परीक्षण तिनं लिहिलेलं नाही.’