इंदूमावशी का धावायच्या?

वेळणे गावच्या खाडीवर चालकाशिवाय धावणारी होडी सुरू झाली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता प्रश्न मिटला. उन्हावर चालणारी ही होडी जुन्या होडीच्या निम्म्या वेळात पलीकडे पोचायची. तरीही लोक तिच्यावर चिडायचे. म्हातारी माणसं तर दूरच्या पुलावरून वळसा घालून जाऊ लागली. असं का, हे कुणालाच कळेना.

होडीचा आराखडा करणारे शास्त्रज्ञ श्रीधर तेंडोलकर हे मिथिलाचे आजोबा. त्यांनी होडीचा वेग आणखी वाढवला, पण तक्रारी थांबल्या नाहीत. मग एके दिवशी मासे विकणाऱ्या इंदूमावशी होडीसाठी धावताना उतारावर पडल्या आणि त्यांचा हात मोडला. त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मिथिला म्हणाली, "आजोबा, आपण धक्क्यावर नुसतं बसून बघू या का?"

दोघं सकाळभर तिथे बसली. माणसं रस्त्याने शांत चालत यायची आणि वळणावर होडी दिसली की पळत सुटायची.

"होडीला ती माणसं दिसतात ना?" मिथिलाने विचारलं.

"दिसतात. तिच्यावर संवेदक (हालचाल टिपणारं यंत्र) आहे. वळणावर कुणी आलं की ती थांबते."

"पण हे त्या माणसाला कुठे कळतं? तुमच्या लहानपणीसुद्धा लोक असेच धावायचे?"

आजोबांनी वळणाकडे बोट दाखवलं.

"नाही गं. तेव्हा बाबी तांडेल होडी वल्हवायचा. मी शाळेतून येताना वळणावर दिसलो की तो हात वर करायचा. म्हणजे, तुला पाहिलंय, सावकाश ये. मग मी करवंदं खात खात उतरायचो. होडीतली माणसं ओरडायची, बाबी नुसता हसायचा. मी या खाडीचा प्रवाह मोजला, वारा मोजला. तो हात मात्र ध्यानात आला नाही."

"म्हणजे लोक वेगावर चिडलेच नव्हते."

"नव्हते. होडी चुकेल की काय, ही धाकधूक वाट बघण्यापेक्षा जड असते. एखाद्या सेवेचा अभिकल्प (ती कशी असावी याचा आधी केलेला विचार) करताना हेच शोधायचं. माणसं तक्रार एका गोष्टीची करतात, त्रास दुसऱ्याच गोष्टीचा असतो. तो बसून बघावा लागतो."

दोघांनी मिळून डोलकाठीवर एक लांब पिवळं पातं बसवलं. वळणावर कुणी दिसलं की ते वर उठायचं. पहिल्या दिवशी ते म्हशींसाठीही उठलं आणि होडी म्हशींची वाट बघत राहिली. मग संवेदकाला माणूस आणि म्हैस यांतला फरक शिकवावा लागला.

हात बरा झाल्यावर इंदूमावशी पुन्हा आल्या. मिथिला वळणावरच उभी होती. मावशींनी सवयीने पदर खोचला, तेवढ्यात खाली होडीवरचं पातं वर झालं. त्या थबकल्या.

"बघल्यान गो माका तिना," त्या हळूच म्हणाल्या. मग पदर सोडून, टोपली नीट करून, पायाखाली बघत सावकाश उतरू लागल्या.

त्या होडीत बसेपर्यंत मिथिला बघत राहिली. मग आजोबांजवळ येऊन म्हणाली, "दवाखान्यातही माणसं सारखी दाराकडे बघत असतात. उद्या तिथे जाऊन बसू या?"

"बसू या," आजोबा म्हणाले. "सकाळीच निघू."