उतर म्हणायचं राहिलं

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना फाटे फोडायचेत त्यांनी खुशाल फोडा, पण हर्षल माझा आतेभाऊ आहे, आणि थापा मारण्याएवढा वेळ त्या माणसाला नसतो.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. भुतं काय ड्युटीचे तास बघून येतात?

मागच्या मे महिन्यातली कलती दुपार. वणीच्या अलीकडे, भिमाजीअण्णांच्या कोल्ड स्टोरेजची गच्ची.

हर्षल नाशकात सिडकोत राहतो. जिथे केबल टिकत नाही, तिथल्या धंदेवाल्यांना तो बिनतारी इंटरनेट जोडून देतो. अण्णांकडे रस्त्याचं काम सुरू होतं, जेसीबी रोज केबल तोडायचा. लाईन गेली की थंड खोलीचं तापमान अण्णांच्या मोबाईलवर दिसेनासं व्हायचं. त्यापायी खोलीभर द्राक्षं नासली होती.

अण्णा म्हणाले, "हे बघ हर्षल, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तीन प्रकार म्हणतोस ना? तिन्ही लाव. जो पडणार नाही तो ठेवू. सुरगाण्याचं कलेक्शन सेंटरपण त्याच्यावरच जोडायचं."

पहिला होता दोन सिमचा राउटर. स्वस्त, पण संध्याकाळी सगळं गाव मोबाईल घेऊन बसलं की तो रांगायला लागायचा. दुसरी सॅटेलाईटची डिश. कुठेही चालते, पण महाग, आणि आभाळ भरून आलं की तिचे नखरे सुरू. तिसरी रेडिओ लिंक. दोन डिश समोरासमोर, मध्ये काही आड नको. नेम बसला की तिच्यासारखी लाईन नाही.

फक्त नेम बसवायला समोरच्या डोंगरावर माणूस चढवावा लागतो.

सुरगाण्याच्या वाटेवर एका डोंगरावर जुना टॉवर होता. आधी कुणीतरी उभा केला आणि तसाच सोडून दिलेला. तिथे चढणार होता जीवन. हर्षलचे दाजी, वेदिकाताईचा नवरा.

ताईला सातवा महिना होता. डबा देताना ती हर्षलला म्हणाली, "माझा माणूस जसा नेतोस तसा परत आण. नाहीतर राखीला यायचं नाही." हसतच म्हणाली, पण दोनदा म्हणाली.

ह्या कामात एक नियम असतो, तो नीट ऐका.

टॉवरवर चढलेल्याला सिग्नल दिसत नाही. तो पलीकडच्या माणसाला लॅपटॉपवर दिसतो. म्हणून पलीकडचा सांगतो, डावीकडे घे, उजवीकडे घे, बस. आणि शेवटी सांगतो, उतर.

तो शब्द आल्याशिवाय वरचा माणूस उतरत नाही. सिग्नल हलला तर पुन्हा चढायचं कुणी?

डोंगरावर मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून दोघांकडे वॉकीटॉकी होते.

हर्षल गच्चीवर आपली डिश लावून बसला होता. उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून वॉचमन गेणूदादा लॅपटॉपवर छत्री धरून उभे. गेणूदादा पन्नाशीचे, सुरगाण्याकडचेच.

वॉकीटॉकी खरखरला.

"चढलो..."

"अहो दाजी, विमानानं गेलात की काय?"

नुसता वाऱ्याचा आवाज...

"बरं, थोडं डावीकडे घ्या."

लॅपटॉपवर एक पट्टी उगवली. मग दुसरी.

"अजून... अजून थोडं... बस!"

सगळ्या पट्ट्या भरल्या. एवढा कडक सिग्नल हर्षलनं आजवर बघितला नव्हता.

"भेटला का?" आवाज आला.

"भेटला! एकच नंबर!"

तेवढ्यात हर्षलचा मोबाईल वाजला.

दाजींचा फोन.

"हर्षल, अरे बोरगावच्या अलीकडे जीपचा टायर गेला होता. आत्ता बदलला. थोड्या वेळात चढतो बघ."

हर्षलनं स्क्रीनकडे बघितलं.

"दाजी... डिश कुठंय?"

"कुठं जाईल? मागं खोक्यात आहे. का रे?"

"दाजी, चढू नका! ऐकताय का? दाजी!"

फोन कट. रेंज गेली होती.

लॅपटॉपवर पट्ट्या भरलेल्याच होत्या. समोरची डिश खोक्यात, आणि सिग्नल मात्र पूर्ण...

वॉकीटॉकी पुन्हा खरखरला.

"भेटला ना साहेब... मग उतरू का?"

गेणूदादांच्या हातातली छत्री गळून पडली.

"साहेब, ह्यो सावळीराम हे."

"कोण सावळीराम?"

"आमच्या पाड्यावरचा. त्यो टावर झाला तवा ह्योच चढायचा. असंच वळवाचं आभाळ व्हतं. पलीकडच्या साहेबाला शिंगल भेटला, तसा त्यो खुशीत जेवायला निघून गेला. उतर म्हनलाच नाय. आमी खालून लय हाका मारल्या. तर ह्यो म्हनं, साहेब बोलला नाय अजून." गेणूदादांनी छत्री उचलली. "मंग ईज पडली."

हर्षलनं त्या साहेबाला एक सणसणीत शिवी हासडली.

मग तो वॉकीटॉकीवर ओरडत सुटला. दाजी चढू नका, दाजी मागं फिरा. पण दाजींचा सेट बंद. बॅटरी वाचवायला ते वर पोचल्यावरच चालू करायचे. गाडी काढून जावं म्हटलं तरी तो डोंगर काय शेजारच्या गल्लीत होता?

सप्तशृंगीच्या बाजूनं ढग चढायला लागले. काळेकुट्ट. ऊन विझलं. वारा एकदम पडला.

हर्षलनं देव आठवले तेवढे आठवले. डोळ्यांसमोर सारखी ताई येत होती.

शेवटी आवाज आला.

"हर्षल, चढलो रे. डिश बांधतोय. वारा लय सुटलाय इथं."

दाजीच होते. धाप लागलेली.

"दाजी, सोडा ते! आधी उतरा! उतरा म्हणतोय ना!"

"बरं बरं, ओरडतो कशाला? उतरतो."

दूर कुठेतरी गडगडलं.



"हर्षल..."

दाजींचा आवाज बदलला होता.

"हर्षल, माझ्या खालच्या पायरीवर कुणीतरी उभं आहे."

हर्षलनं सेट कानाला लावला.

"पाठ दिसतेय नुसती. मी म्हटलं सरक, तर सरकत नाही. म्हणतो..."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, थांब. साहेब बोलला नाय अजून."

विजेचा लोळ चमकला. डोंगर क्षणभर पांढरा झाला.

गेणूदादांनी हर्षलचं मनगट घट्ट धरलं. "साहेब, त्याला सांगा. नाव घिऊन सांगा. त्याला सांगितल्याबिगर त्यो हलनार नाय."

हर्षलनं बटण दाबलं.

"सावळीराम... काम झालं रे. सिग्नल भेटला. उतर आता."

खरखर थांबली.

लॅपटॉपवरची एक पट्टी विझली. मग दुसरी. हळूहळू, पायरी पायरी उतरावं तशा सगळ्या पट्ट्या विझल्या.

"हर्षल, वाट मोकळी झाली!" दाजी ओरडले. "येतो!"

मग डोळे दिपवणारी वीज पडली, आणि तिच्या मागोमाग असा आवाज आला की गच्चीवरचे पत्रे वाजले.

अंधार पडता पडता दाजींचा फोन आला. ते वणीत पोचले होते. चिंब भिजलेले, पण धडधाकट. शेवटच्या पायरीवरून पळत जीपपाशी आले आणि मागे टॉवरवर वीज पडली. घाईत वॉकीटॉकी वरच टाकून आले होते, तो डिशसकट जळाला.

हर्षल गच्चीवरच बसून लहान पोरासारखा रडला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

सामान आवरून तो जिन्याकडे वळला आणि त्याच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. ह्या सेटला जोडीचा एकच सेट होता, आणि तो डोंगरावर जळून गेला होता.

"उतरलो साहेब..."

गेणूदादा जागीच थांबले.

"आता कुठं जाऊ?"

आवाज कसा होता म्हणून विचारलं, तर हर्षल म्हणतो, दमलेला. एखादा माणूस काम उरकून दारात उभा राहतो ना, तसा.

गेणूदादांनी हात जोडले. "घरी जा म्हना साहेब. एवढंच म्हना."

हर्षलनं बटणावर बोट ठेवलं. पण ते दाबलं नाही. आणि भीतीनं, नुसत्या भीतीनं, त्यानं सेट बंद करून टाकला.

अण्णांनी शेवटी सिमचा राउटर ठेवला, जोडीला सॅटेलाईटची डिश. एक पडला तर दुसरा. रेडिओचं नाव हर्षलनं काढू दिलं नाही. ताईला मुलगी झाली. राखीही झाली. दाजी आता टॉवरवर चढत नाहीत.

तो वॉकीटॉकी हर्षलच्या टेबलावर आहे. त्या दिवसानंतर त्यानं तो कितीदा तरी चालू केला. घरी जा, असं त्यात कितीदा तरी म्हणून झालं.

पलीकडून साधी खरखरसुद्धा येत नाही.

गेणूदादांना त्यानं एकदा विचारलं, गेला असेल का हो तो घरी?

त्यांनी सुरगाण्याच्या दिशेनं बघितलं. मग म्हणाले, "त्यो सांगितल्याबिगर हलनारा नव्हता, साहेब."