गाण्यातलं दूध

हनुवटी यंत्राच्या कप्प्यात टेकवलेली, कपाळ वरच्या पट्टीला चिकटलेलं, डोळे ताणून उघडे... आश्चर्याचा धक्का बसायला याहून गैरसोयीची अवस्था शोधून सापडणार नाही. तिला तो नेमका तिथंच बसला.

चाळिसावा वाढदिवस दोन महिन्यांवर होता, पण चाळिशी त्याच्याही आधी येऊन दारात उभी राहिली होती. ती दात आणि कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर मेणात दात कोरायचे, रंग जुळवायचे, कुणाच्या पुढच्या दाताचा जरासा तिरकेपणा जसाच्या तसा उतरवायचा. गेल्या आठवड्यात तिनं एका आजोबांची दाढ उलटी बसवली. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "बाई गं, डोळे तपासून घे आधी, नाहीतर आजोबा गालानं चावायला लागतील." म्हणून दुपारच्या सुट्टीत ती दिसेल त्या पहिल्या चष्म्याच्या दुकानात शिरली होती.

चष्मेवाला उंच, किंचित वाकलेला, तिच्याच वयाचा. बोलणं सावकाश, हात त्याहून सावकाश. त्यानं आतल्या खोलीतला दिवा मालवला, यंत्राच्या पलीकडे बसला आणि तिच्या डोळ्यात उजेड सोडून बघता बघता स्वतःशीच गुणगुणायला लागला. सूर तिच्या ओळखीचा होता. कडवं पायरी पायरीनं वर चढत गेलं, अगदी वर गेलं... आणि एकदम थांबलं. त्या थांबलेल्या जागेत चष्मेवाला दबक्या आवाजात, पण अगदी तालात म्हणाला,

"अगं ए, दूध उतू गेलं!"

आणि लगेच जिभेनं ड्रम वाजवत पुढच्या कडव्यात शिरला.

"हलू नका," तो म्हणाला. "पाणी आलं का डोळ्यात? उजेड जास्त होतोय?"

"तुम्ही आत्ता... काय म्हणालात?"

"माफ करा. वाईट सवय आहे. लहानपणी टीव्हीवर एक गाणं लागायचं —"

"गाणं माहीत आहे मला. दुधाचं विचारतेय."

तो यंत्राच्या बाजूनं डोकावला. "ते आमच्या कॅसेटमध्ये होतं. आतेभावानं कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेली, त्या कुणीतरी आणखी कुणाच्या. गाणं थांबतं तिथं बरोब्बर एक माणूस ओरडतो. मी नऊ वर्षांचा होतो. मला वाटायचं, ते गाण्यातच आहे. म्हणजे त्या गायकाला मराठी येतं. वर्गात मी पैजेवर सांगितलं, तर एकानं खोटारडा म्हटलं. मग मारामारी झाली."

"आणि हा समोरचा दात त्यात तुटला."

चष्मेवाल्यानं झटकन ओठ मिटले. "तुम्हाला कसं कळलं?"

"कोपरा तुटलाय. आत आल्या आल्या बघितलं मी. धंदा आहे माझा." तिनं हनुवटी उचलली. आवाज स्थिर ठेवायचा तिनं खूप प्रयत्न केला. "ओरडणारे माझे बाबा आहेत."

आता आश्चर्याचा धक्का बसायची पाळी त्याची होती. आयुष्यभर ज्याचा माग लागला नाही, त्या माणसाची मुलगी स्वतःच्या पायानं येऊन आपल्या स्टुलावर बसलीय, हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागत होता.

मग तिनं सांगितलं. त्या काळी रविवारी संध्याकाळी अर्धा तास परदेशी गाणी लागत. रंगीत टीव्ही अख्ख्या इमारतीत त्यांच्याकडेच, त्यामुळे चपलांचा ढीग जिन्यापर्यंत जाई. पडद्यावर जमिनीतून धूर निघे. बंद खोलीत वारा सुटे आणि फक्त गायकाचेच केस उडत. खांदे दारात अडकतील एवढे रुंद कोट, गिटारसारखी गळ्यात अडकवलेली पेटी, एका कानात एवढं मोठं कानातलं. गाण्याचा एक शब्द कुणाला कळत नव्हता आणि त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. जगात असंही काहीतरी चालू आहे, या विचारानंच सगळे तोंड उघडं टाकून बसलेले असत. ताई टेपरेकॉर्डर टीव्हीच्या पुढ्यात धरून बसे आणि बटण दाबायच्या आधी दम भरे, "आता कुणीही श्वास घ्यायचा नाही."

आई इस्पितळात नर्स होती, रविवारी तिची पाळी असे. स्वयंपाकघर बाबांकडे. पंधरा-वीस पोरं श्वास रोखून बसलेली, गाणं टिपेला जाऊन थांबलं, गायकानं वळून कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि आतून बाबांचा आवाज आला. बाबा पोहायला शिकवायचे. तलावाच्या या काठावरून त्या काठाला जाणारा आवाज होता तो. ताई रडली, दोन दिवस बोलली नाही. पण कॅसेट मात्र मैत्रिणींनी मागून नेली, आणि त्यांच्याकडून आणखी कुणी कुणी.

"म्हणजे मी तुमच्या घरात होतो," चष्मेवाला हळूच म्हणाला. "तुम्हाला न भेटताच." मग एकदम, "बाबा आहेत ना? एकदा म्हणतील का ते, माझ्यासमोर?"

"बघू," ती म्हणाली.

खरं सांगायला जीभ रेटली नाही. चौदा वर्षांपूर्वी बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून घरात पाटी आणि खडू. आवाज साठवून ठेवावा असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नव्हतं. रोज ऐकू येणारी गोष्ट कोण साठवतं? मूळ कॅसेट ताईनं कधीच पुसून त्यावर दुसरी गाणी घेतली होती. आणि अलीकडे एक गोष्ट तिच्या लक्षात येऊन ती हादरली होती. बाबा काय काय म्हणायचे ते सगळं तिला आठवत होतं. कसं म्हणायचे, ते पुसट होत चाललं होतं.

"ती कॅसेट... आहे अजून?"

"असेल कुठंतरी. शोधतो मी," तो म्हणाला, आणि तिच्या नाकावर जड लोखंडी फ्रेम चढवून भिंगं बदलायला लागला. "ही बरी, की ही?"

"पहिली."

"आणि आता?"

"तुम्ही मध्ये उभे आहात. तक्ता दिसत नाहीये."

"हां. सॉरी."

चष्मा आठवड्यानं मिळाला. कॅसेट मिळाली नव्हती. मग चष्म्याचा स्क्रू ढिला झाला. तो घट्ट करून घेतला, तर चार दिवसांनी दुसरा निघूनच आला. चष्मेवाल्यानं फ्रेम उजेडात धरली.

"हा आपोआप नाही निघालेला. कुणीतरी बारीक हत्यारानं, फार सफाईनं काढलाय."

"असं?" तिनं भिंतीवरच्या फ्रेमांकडे बघितलं. प्रयोगशाळेत असली बारीक हत्यारं तिच्याकडे सतरा होती. "कॅसेटचं काय झालं?"

"शोधतोय," तोही भिंतीकडे बघत म्हणाला.

स्क्रू बसवायला पाच मिनिटं लागतात. त्याला पाऊण तास लागायचा. त्या गायकाला तो 'कोंबडा' म्हणायचा, केसांच्या तुऱ्यामुळे. तिच्या घरी त्याचं नाव 'झाडू' होतं. तसा तुरा उभा राहावा म्हणून त्यानं डोक्याला साबण फासून तो तसाच वाळवला होता, आणि शाळेत घाम आल्यावर कपाळावरून फेस आला होता. टीव्हीवरच्या एका गायिकेचं बघून तिनं थंडीच्या नव्या हातमोज्यांची बोटं कापली होती आणि बाबांनी रागवायचं सोडून विचारलं होतं, "त्या बाईसारखे दिसतात का गं?"

"एक सांगू?" तो एकदा म्हणाला. "हल्ली हवं ते गाणं हवं तेव्हा दिसतं. मी बघतोही. पण आठवडाभर वाट बघून ते तीन मिनिटं दिसायचं ना... पडद्याकडे बघताना पापणी लवली तरी वाटायचं, काहीतरी हुकलं. तसं परत कशाकडे बघितलं नाही मी." तो थांबला, स्क्रू उगाचच आणखी एकदा पिळला. "म्हणजे... आत्ताआत्तापर्यंत."

प्रयोगशाळेत परतल्यावर तिनं एका बाईंच्या सहाही दातांना चुकीचा रंग दिला, आणि या वेळी दोष डोळ्यांचा नव्हता.

पुढच्या शनिवारी तिनं मनाशी ठरवलं की आता सांगून टाकायचं. "तुम्ही बाबांना ओरडून दाखवायला सांगणार होतात. त्यांना आवाज नाही. चौदा वर्षं झाली. त्यांचा आवाज जगात तेवढ्या त्या कॅसेटमध्येच आहे. म्हणून मी विचारतेय सारखं."

चष्मेवाल्याचा चेहरा उतरला. तो काउंटरमागं गेला, सर्वांत खालचा खण उघडला आणि एक कॅसेट तिच्यापुढे ठेवली. निळ्या शाईचं अक्षर फिकट झालेलं.

"कधी सापडली?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात ना... त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"महिना झाला."

"हो. दिली असती तर तुम्ही कशाला आला असतात परत? मला वाटलं, नुसती आठवण म्हणून हवीय. मला खरंच माहीत नव्हतं."

"विचारलं असतंत तर कळलं असतं," ती म्हणाली. कॅसेट पर्समध्ये टाकून ती बाहेर पडली. आपण स्वतः स्क्रू काढत बसलो होतो हे तिला वाटेत आठवलं, पण रागाच्या भरात माणूस असल्या गोष्टी हिशेबात धरत नाही.

घरी आल्यावर लक्षात आलं की कॅसेट वाजवायला घरात काहीच नाही. शेजारी नाही, मैत्रिणीकडे नाही. बाबांचा आवाज तळहातावर आणि ऐकायची सोय नाही. बाबांना तिनं काही सांगितलं नाही. रात्रभर कॅसेट तिच्या उशाशी होती.

रविवारी सकाळी दहाला बेल वाजली. बाबांनी दार उघडलं. दारात चष्मेवाला उभा होता, बिलावरचा पत्ता शोधत आलेला, छातीशी जुना टेपरेकॉर्डर कवटाळून.

बाबांनी पाटीवर लिहिलं, 'कोण?'

"मी... तुमचा आवाज ऐकत मोठा झालोय," चष्मेवाला म्हणाला. देवळात उभं राहावं तसा उभा होता. बाबांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि पाटीनंच आत यायची खूण केली.

तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. "राग गेलेला नाही माझा," एवढं सांगून कॅसेट त्याच्या हातात दिली. त्यानं ती आत सरकवली आणि बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग गाणं आलं, नकलेच्या नकलेची नक्कल झालेलं, पातळ, लांबून आल्यासारखं. तरी तिच्या अंगावर काटा आला. धूर, वारा, जिन्यापर्यंतच्या चपला, सगळं पडद्याशिवाय दिसायला लागलं. सूर चढत गेले. बाबा खुर्चीत पुढे सरकले. गाणं थांबलं —

"अगं ए, दूध उतू गेलं!"

तोच. अगदी तोच. शेवटच्या 'गेलं'ला किंचित वर उचललेला, हसू दाबल्यासारखा. हे हसू ती साफ विसरली होती. आणि केवढा तरुण होता तो आवाज! बाबा तेव्हा सदतीसचे होते. आपल्याहून लहान माणूस आपल्या बाबांच्या आवाजात ओरडतोय, हे ऐकून तिला काय वाटलं ते तिलाही सांगता आलं नसतं. ती खाली फरशीवरच बसली आणि पोटभर रडली. लाज वाटली नाही.

बाबा रडले नाहीत. त्यांनी घशाला हात लावला, बराच वेळ तसाच ठेवला. मग खडू उचलला.

'दूध गॅसवर नव्हतंच.'

"म्हणजे?"

त्यांनी पाटी बाहीनं पुसली. 'तीन रविवार तेच गाणं लागत होतं. कुठं थांबतं ते पाठ केलं होतं.' पुन्हा पुसली. आता अक्षर बारीक झालं. 'तुम्ही सगळे त्या झाडूकडे बघायचात. मलाही गाण्यात यायचं होतं.'

ती पाटीकडे बघतच राहिली. एकतीस वर्षं अख्खी इमारत ज्याला अपघात समजत आली, तो या माणसानं स्वयंपाकघरात उभं राहून, ठोके मोजून, नेम धरून केला होता. तिला हसू आवरेना, आणि डोळेही. चष्मेवाला तर आ वासून बसला होता.

'पुन्हा लावा,' बाबांनी लिहिलं.

पुन्हा गाणं, पुन्हा तो आवाज. या वेळी कुणी टेप बंद केला नाही आणि गाणं पुढे चालत राहिलं. गाण्यात तशीच आणखी एक जागा आहे, अगदी शेवटाकडे. तिथं कुणीच ओरडलेलं नाही, नुसती खरखर आहे. चष्मेवाला बाबांच्या पाटीकडे बघत होता आणि त्याचे कान लाल होत चालले होते. ती जागा आली.

"मला तुम्ही, अगदी पहिल्या दिवसापासून —"

धडाधड ड्रम कोसळले आणि पुढचं सगळं वाहून गेलं.

बाबांचे खांदे गदगदा हलायला लागले. आवाज नसला तरी ते हसणं खोलीभर होतं. तिनं हात लांब करून बटण दाबलं. गाणं बंद झालं.

"काय म्हणालात?"

"ते... जागा कमी पडली."

"आता भरपूर आहे. बोला."

त्यानं बाबांकडे बघितलं. बाबा तत्परतेनं खिडकीबाहेर बघायला लागले होते. कान मात्र इकडेच होता.

"तुम्ही मला आवडता," तो म्हणाला. सावकाश, एकेक शब्द. "कॅसेट नसती, तरी आवडला असतात."

तिनं ओले डोळे पुसले, चष्मा घातला आणि त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "पण ऐकायचं होतं."